राखीव सैनिकाचा धनी कोण?

चंडीगढच्या ईशान्य टोकाला, किशनगढ आणि मनीमाजरा यांच्या लगत, 'राजीव गांधी चंडीगढ तंत्रज्ञान उद्यान' आहे. सरकारी कागदांवरचे हे लांबलचक नाव कोणी उच्चारत नाही. रिक्षावाल्यापासून सचिवालयापर्यंत सगळे त्याला 'आयटी पार्क' असेच म्हणतात. २००५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत त्याचा आरंभ झाला आणि पुण्या-हैदराबादकडे निघालेली उत्तरेतील तरुण मंडळी इथेच रमतील, अशी अपेक्षा व्यक्त झाली. उलट वाटेने पुण्याहून इकडे आलेली मराठी मुलेही आज या परिसरात भेटतात. उद्यानाच्या एका अंगाला सुखना तलाव आहे, दुसऱ्या अंगाला पंचकुला आणि त्यापलीकडे चंडीमंदिर छावणी. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय १९८५ मध्ये शिमल्याहून याच छावणीत आले. संगणकावर परदेशी ग्राहकांचे हिशेब लिहिणाऱ्या काचेच्या इमारती आणि पंजाबच्या सीमेची जबाबदारी वाहणारे मुख्यालय यांच्यामध्ये जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे.

हे अंतर ९ मे २०२५ च्या सकाळी एकदम मिटले. 'ऑपरेशन सिंदूर' सुरू होऊन दोन दिवस झाले होते. ७ मे रोजी सायंकाळी दिवे मालवण्याची रंगीत तालीम झाली होती. पण त्या सकाळी वाजलेला भोंगा तालमीचा नव्हता. हवाई दलाच्या तळाकडून संभाव्य हल्ल्याची सूचना आल्याने नागरिकांना घरात थांबण्यास आणि खिडक्या-गच्च्यांपासून दूर राहण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी नागरी संरक्षण दलात नाव नोंदवण्यासाठी सेक्टर १८ मधील टागोर थिएटरसमोर तरुणांची एवढी गर्दी लोटली, की प्रशासनालाच आश्चर्य वाटले. संकटकाळी देशासाठी काही करण्याची इच्छा या देशात कधीच कमी पडलेली नाही. कमी पडते ती त्या इच्छेला वर्षानुवर्षे सांभाळणारी व्यवस्था.

त्याच आठवड्यात दिल्लीत एक अधिसूचना निघाली आणि तिचा भलताच अर्थ देशभर फिरला. संरक्षण मंत्रालयाने ६ मे २०२५ च्या आदेशाने, प्रादेशिक सेना नियम १९४८ मधील नियम ३३ अन्वये, प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकारी आणि जवान यांना पाचारण करण्याचा अधिकार लष्करप्रमुखांना दिला. वृत्तवाहिन्यांनी लगेच महेंद्रसिंग धोनी सीमेवर जाणार का, याची चर्चा आरंभली. धोनी २०११ पासून प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, तर चंडीगढचाच सुपुत्र कपिल देव २००८ मध्ये याच सेनेत त्याच हुद्द्यावर दाखल झाला होता. नामवंतांच्या अंगावरचा गणवेश भरतीच्या जाहिरातीला उपयोगी पडतो हे खरे. पण त्या आठवड्यात वाचण्याजोगे जे होते, ते अधिसूचनेच्या पुढच्या परिच्छेदांत दडलेले होते.

प्रादेशिक सेनेच्या पायदळाच्या बत्तीस बटालियन आहेत. त्यांपैकी चौदा बटालियन विविध लष्करी विभागांत तैनात करण्यास या आदेशाने मंजुरी दिली. दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर आणि नैर्ऋत्य हे विभाग, अंदमान-निकोबार आणि लष्कराचा प्रशिक्षण विभाग एवढा त्याचा विस्तार. आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. मुदतीचा आरंभ पहलगामच्या हल्ल्याच्याही आधीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हा आदेश युद्धज्वरातून निघालेला नव्हता, तीन वर्षांच्या नित्य व्यवस्थेचा तो भाग होता, हे उमगते. आणि मग येते खरी मेख : अर्थसंकल्पात निधी उपलब्ध असेल, किंवा अंतर्गत बचतीचे पुनर्विनियोजन करून तो उभा करता येईल, तरच पाचारण करावे. दुसऱ्या एखाद्या मंत्रालयाच्या मागणीवरून एखादी तुकडी बोलावली, तर तिचा खर्च त्या मंत्रालयाच्या खाती टाकावा. संरक्षण मंत्रालयाच्या तरतुदीत तो धरू नये.

राखीव सैन्याचा कारभार म्हणजे काय, हे या दोन वाक्यांत सांगून झाले आहे. नियमित सैनिकाचा धनी एकच, लष्कर. राखीव सैनिकाचे धनी अनेक. त्याला पगार देणारा वेगळा, त्याला प्रशिक्षण देणारा वेगळा, त्याला कामावर पाठवणारा वेगळा आणि तो परत आल्यावर त्याला ठेवून घेणारा आणखी वेगळा.

घर एकीकडे, कागद दुसरीकडे

प्रादेशिक सेना ही कल्पना मुळात ब्रिटिशांची. १९२० च्या कायद्याने 'इंडियन टेरिटोरियल फोर्स' उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर प्रादेशिक सेना अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या सेनेचे उद्घाटन केले. सुरुवातीला तिच्यात चिलखती दल, विमानविरोधी तोफखाना, अभियंते, संदेशवहन, वैद्यकीय अशा सगळ्या प्रकारच्या तुकड्या होत्या. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनी काम केले. १९७२ नंतर पायदळ आणि काही विभागीय तुकड्या वगळता बाकीच्या एक तर नियमित सेनेत मिसळल्या किंवा मोडीत निघाल्या. आज तिचे मनुष्यबळ सुमारे चाळीस हजार मानले जाते.

तिचा कारभार पाच गट मुख्यालयांतून चालतो : पुणे, चंडीगढ, लखनौ, कोलकाता आणि उधमपूर. त्यांच्या वर दिल्लीतील महासंचालनालय. पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली आणि चंडीगढ इथले अर्ज चंडीगढच्या मुख्यालयाकडे जातात; महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेची राज्ये पुण्याकडे. मराठी मुलखाशी निगडित बटालियनांची नावे वाचकांच्या परिचयाची असतील. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न १०१ वी पुण्यात आणि १०९ वी कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीशी, महार रेजिमेंटशी संलग्न ११५ वी बेळगावात, तर पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न ११६ वी देवळालीत.

आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या जवानाची कल्पना करावी. त्याचे गाव गडहिंग्लजकडे, बटालियन कोल्हापुरात, तिचे गट मुख्यालय पुण्यात. तो ज्या रेजिमेंटशी संलग्न आहे तिचे अभिलेख कार्यालय बेळगावात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. बटालियन पाचारण झाली, की तो काश्मीरमध्ये किंवा ईशान्येत कुठल्या तरी दारूगोळा कोठाराच्या किंवा पुलाच्या पहाऱ्यावर, आणि तिथे हुकूम चालतो त्या भागातल्या लष्करी डिव्हिजनचा. निवृत्तिवेतनाची वेळ आली, तर कागद प्रयागराजला. नियमित सैनिकाचे कागदही असेच फिरतात, असे कोणी म्हणेल. पण नियमित सैनिक सलग सेवेत असतो आणि त्याच्या पलटणीचा कारकून त्याच्यासोबत असतो. प्रादेशिक सेनेचा जवान वर्षातले काही महिने किंवा काही वर्षे सैनिक असतो आणि बाकीचा काळ शेतकरी, वाहनचालक, दुकानदार किंवा बेरोजगार. तो 'डिसएम्बॉडी' झाला (हा शब्द कोल्हापूरच्या चावडीवरही मराठीइतक्याच सहजतेने बोलला जातो), की त्याच्या आणि फौजेच्या मध्ये उरतो तो फक्त पोस्टमन.

याचा हिशेब शेवटी निवृत्तिवेतनात लागतो. जवानाला पंधरा वर्षांची आणि अधिकाऱ्याला वीस वर्षांची प्रत्यक्ष सेवा भरावी लागते. घरी बसून पाचारणाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे धरली जात नाहीत. म्हणजे निवृत्तिवेतन मिळणार की नाही, हे जवानाच्या इच्छेवर किंवा कर्तबगारीवर अवलंबून नाही. त्याची बटालियन किती काळ पाचारलेली राहिली, यावर ते अवलंबून आहे, आणि ते ठरते निधी आहे की नाही यावरून. अधिसूचनेतले 'पुनर्विनियोजन' हे कोरडे सरकारी पद टेंबलाईच्या पायथ्याशी असे माणसाच्या म्हातारपणापर्यंत जाऊन पोहोचते.

शहरी आणि ग्रामीण तुकड्यांच्या प्रशिक्षणाची रीतही वेगळी आहे. ग्रामीण तुकडीत वर्षाला सलग दोन महिन्यांचे प्रशिक्षण. शेतीच्या हंगामांमधल्या मोकळ्या काळाशी ते जुळवता यावे, असा मूळ विचार. शहरी तुकडीत शनिवार-रविवार आणि सुट्यांच्या दिवशी कवायत, चार तासांचा एक दिवस धरायचा, आणि वर्षातून एक शिबिर. कागदावर हे सुबक दिसते. १९४९ च्या मुंबई-कोलकात्यात, ठरलेल्या वेळी भोंगा वाजणाऱ्या गिरणीत आणि ठरलेल्या वेळी बंद होणाऱ्या कचेरीत, ते जमतही असेल. आयटी पार्कमध्ये रात्रीची पाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. तिथे शनिवार नेमका कधी सुरू होतो, हेच सांगणे अवघड आहे.

हजार रुपयांचा धाक

अधिकारी होण्यासाठीची मुख्य अट फार बोलकी आहे. उमेदवार पदवीधर हवा, वय १८ ते ४२ हवे, आणि त्याला स्वतःचा नोकरी-व्यवसाय हवा. प्रादेशिक सेना पोटापाण्याची सोय म्हणून नाही, हे यातून स्पष्ट केले जाते. म्हणजे आयटी पार्कमधला तिशीतला अभियंता हाच या सेनेचा आदर्श उमेदवार. त्याला संगणकाची जाण आहे, तो धडधाकट आहे, कमावता आहे, आणि पश्चिम विभागाचे मुख्यालय त्याच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

समजा, पुण्याहून बदलीवर आलेला असा एक अभियंता परीक्षा आणि मुलाखत ओलांडून निवडला गेला. (ही वाट फार अरुंद आहे. २०२५ च्या जाहिरातीत साऱ्या देशासाठी जागा होत्या १९, त्यांतली एक स्त्रियांसाठी.) समजा, दोन वर्षांनी त्याच्या तुकडीला पाचारण झाले आणि तो दीड वर्ष राजौरीकडे राहिला. तो परतेल तेव्हा त्याची नोकरी असेल का?

कायदा म्हणतो, असली पाहिजे. प्रादेशिक सेना अधिनियमाचे कलम ७-अ मालकावर तसे कर्तव्य टाकते. सैनिकी सेवा संपल्यावर त्या माणसाला पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसलेल्या शर्तींवर पुन्हा कामावर घ्यावे. सेवेत खंड पडला नसता तर ज्या शर्ती त्याला लागू झाल्या असत्या, त्यांच्याशी ही तुलना करावी. पाचारण होण्याआधीच, हे कर्तव्य चुकवण्याच्या इराद्याने एखाद्याला कामावरून काढले, तरीही मालक सुटत नाही. कायदा करणाऱ्यांनी मालकांची नस बरोबर ओळखली होती, असे इथवर वाटते. मात्र पुढे वाचत गेले, की हा बांध कुठे कुठे गळतो ते दिसू लागते. पुन्हा कामावर घेणे व्यवहार्य नाही असे मालकाने म्हटले, तर प्रकरण विहित प्राधिकाऱ्याकडे जाते. प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, कामावर घेण्याचा हुकूम देऊ शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या वेतनाइतकी भरपाई द्यायला लावू शकतो. हा हुकूम मोडला तर दंड, कमाल एक हजार रुपये, आणि शिवाय सहा महिन्यांचे वेतन. आणि सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्या माणसाने अर्ज केला नसेल, तर मालकाला तोच बचाव पुरतो.

एक हजार रुपये! ज्या काळात हा आकडा लिहिला गेला, त्या काळी तो कारकुनाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतका होता. आज आयटी पार्कच्या उपाहारगृहात चौघांच्या जेवणाला तो पुरणार नाही. कायद्यातला धाक रुपयांच्या आकड्यात लिहिला, की चलनवाढ तो कुरतडून टाकते. हा दोष काही याच अधिनियमाचा नाही, आपल्या साऱ्या विधिसंहितेत तो आढळतो. पण इथे त्याची किंमत एक सैनिक मोजतो.

दंडाहून अवघड प्रश्न 'मालक' या शब्दाचा आहे. १९४८ च्या डोळ्यांसमोर गिरणी, रेल्वे, बँक, पोस्ट असे मालक होते. तिथे जागा ठरलेली, श्रेणी ठरलेली, माणूस परतला की तीच खुर्ची त्याची वाट पाहत असे. माहिती-तंत्रज्ञानात माणूस पदावर कमी आणि प्रकल्पावर जास्त असतो. दीड वर्षात प्रकल्प संपतो, ग्राहक बदलतो, तो ज्या तंत्रात पारंगत होता ते तंत्रच मागे पडते. 'सेवेत खंड पडला नसता तर' त्याची स्थिती काय असती, हे कोणता प्राधिकारी कोणत्या मोजपट्टीने ठरवणार? तो कंत्राटदारामार्फत कामाला लागला असेल, तर त्याचा मालक कंत्राटदार की कंपनी? अधिनियम यावर मौन पाळतो.

अमेरिकेने १९९४ मध्ये या विषयावर स्वतंत्र आणि कडक कायदा केला. तिथे एका मालकाकडची नोकरी एकूण पाच वर्षांपर्यंतच्या लष्करी सेवेसाठी सुरक्षित राहते. ब्रिटनने तर २०१४ मध्ये आपल्या 'टेरिटोरियल आर्मी'चे नावच बदलून 'आर्मी रिझर्व्ह' केले. अर्धवेळ हौशी फौजेची छाप पुसणे आणि नियमित सेनेशी तिची सांगड घालणे हा त्यामागचा हेतू होता. इस्रायलचे उदाहरण तर आयटी पार्कसाठी आरशासारखे आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथे तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले गेले आणि त्यात तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी मोठ्या संख्येने होते. लढाई सीमेवर चालली होती आणि तिची झळ सॉफ्टवेअरच्या वेळापत्रकांना बसत होती. भारतात तशी सक्ती नाही आणि तिची गरजही कोणी प्रतिपादत नाही. पण सक्ती नसली म्हणूनच स्वेच्छेने येणाऱ्याला कायद्याचे पाठबळ अधिक हवे. सक्तीच्या देशात मालकाला पर्याय नसतो. ऐच्छिक सेवेत मात्र मालक मनातल्या मनात विचारतो : हा नसता गेला तर चालले नसते का?

सरकारी नोकरांची गोष्ट निराळी. अधिनियमाच्या कलम ६-अ नुसार शासकीय किंवा सार्वजनिक उपयोगी सेवेतील वीस ते चाळीस वयाच्या व्यक्तीवर, आवश्यकता भासल्यास, प्रादेशिक सेनेत काम करण्याचे दायित्व टाकता येते. राजधानीतल्या आणि चंडीगढच्या सचिवालयांतल्या किती मराठी अधिकाऱ्यांना आपल्यावर हे कलम लागू होऊ शकते याची कल्पना असेल, हे त्यांनीच आठवून पाहावे.

रेल्वेचा धडा

दायित्व टाकून उभारलेल्या तुकड्यांचा अनुभव चंडीगढने जवळून पाहिला आहे. रेल्वेच्या प्रादेशिक सेनेच्या सहा रेजिमेंट होत्या : जमालपूर, झाशी, कोटा, आद्रा, सिकंदराबाद आणि चंडीगढ. युद्धात पूल आणि रूळ उडवले गेले तर गणवेशातले रेल्वे कर्मचारी ते दुरुस्त करतील, गाड्या चालवतील, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात त्यांच्या कामाची सर्वाधिक चर्चा झाली ती १९७४ च्या मे महिन्यात. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा देशव्यापी रेल्वे संप सुरू असताना या तुकड्यांना पाचारण करण्यात आले. मुंबईच्या वाचकाला त्या संपाची आठवण वेगळ्या अंगाने असेल. गणवेश चढवलेला रेल्वे कर्मचारी आपल्याच संपकरी सहकाऱ्याच्या जागी उभा राहिला, तेव्हा त्याचा धनी कोण होता : लष्कर, रेल्वे मंत्रालय, की कामगार संघटना? त्याने निष्ठा कोणाशी ठेवायची होती?

पुढे लष्करी उपयोगाचे प्रसंग विरळ होत गेले आणि खर्चाचा प्रश्न वर आला. माणसे रेल्वेची आणि प्रशिक्षण लष्कराचे, त्यामुळे एका बाजूला कामाचे दिवस बुडत आणि दुसऱ्या बाजूला सज्जता पुरेशी नसे. अखेर २०२१ च्या सुमारास सहापैकी पाच रेजिमेंट मोडण्याचा निर्णय झाला. फक्त जमालपूरची ठेवली, न्यू जलपैगुडी ते रंगिया या ३६१ किलोमीटरच्या मार्गासाठी. चिंचोळ्या सिलिगुडी पट्ट्यातला तो मार्ग चीन सीमेच्या दृष्टीने नाजूक आहे. चंडीगढची रेजिमेंट इतिहासजमा करण्यात आली.

मे २०२५ मध्ये जम्मू आणि उधमपूरहून अडकलेल्या लोकांना आणण्यासाठी विशेष गाड्या धावल्या. त्या रेल्वेच्या नित्याच्या कर्मचाऱ्यांनी चालवल्या. मोडण्याचा निर्णय बरोबर होता, असे यावरून म्हणता येईल. पण चार दिवसांत आटोपलेल्या संघर्षावरून दीर्घ युद्धाचा अंदाज बांधणे धाडसाचे ठरेल. राखीव तुकडीची उपयुक्तता ती वापरली न गेलेल्या वर्षांत सिद्ध करता येत नाही. वित्त विभागाला मात्र तीच वर्षे दिसतात.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठवाड्यात आहे. हरित पलटणींची परंपरा १९८२ मध्ये मसुरीच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवर सुरू झाली. महाराष्ट्रासाठी १३६ वी बटालियन २०१७ च्या सुमारास छत्रपती संभाजीनगर इथे आली. महार रेजिमेंटशी संलग्न असलेल्या या बटालियनमध्ये प्रामुख्याने निवृत्त सैनिक आहेत. त्यांचे काम दुष्काळी माळरानावर झाडे लावण्याचे आणि जगवण्याचे, आणि खर्चाचा भार राज्य शासनाकडे. इथे धनी बदलला : हुकूम लष्कराचा, पैसा वनविभागाचा. व्यवस्था चालते आहे, कारण काम रोजचे आहे आणि ते दिसते. पण हिच्यातूनही एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

अशाच एका हरित पलटणीतील उत्तराखंडच्या जवानाची ती हकीकत. सुमारे पंचवीस वर्षे नियमित सेनेत काढून तो प्रादेशिक सेनेत आला, रजेवर असताना अपघात झाला आणि पाय गमावून बसला. त्याने अपंगत्व निवृत्तिवेतन मागितले. सरकारचे उत्तर असे, की हरित पलटणीच्या सेवाशर्तींत ते बसत नाही आणि भरती होताना त्याने तसे मान्य करून सही केली आहे. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने हे म्हणणे फेटाळले. हरित पलटणीचा जवान हा प्रादेशिक सेनेचाच सैनिक आहे. एका बाजूला बलाढ्य सरकार आणि दुसऱ्या बाजूला सामान्य शिपाई, अशा असमान व्यवहारात घेतलेली सही त्याचा हक्क हिरावू शकत नाही, हा निकालाचा गाभा. अमरावतीच्या गवई यांनी पुढे सरन्यायाधीशपद भूषवले, तेव्हा त्यांच्या अनेक निकालांची उजळणी झाली. हा एक मागेच राहिला.

संसदेच्या आतली प्रादेशिक सेना

या सेनेला संसदेत वकील नाहीत, असे म्हणता येणार नाही. सचिन पायलट सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्यात अधिकारी म्हणून दाखल झाले, तेव्हा ते केंद्रात माहिती-तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री होते. अनुराग ठाकूर २०१६ मध्ये आले. खासदाराने लष्करी हुद्दा धारण केला तर ते लाभाचे पद होत नाही का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण १९५९ च्या निरर्हता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ३ ने प्रादेशिक सेनेला आधीच वगळले आहे. म्हणजे खासदाराची खुर्ची गणवेशामुळे जाणार नाही, याची तजवीज संसदेने १९५९ मध्येच चोख केली. अभियंत्याच्या खुर्चीची तजवीज हजार रुपयांवर अडली आहे.

स्त्रियांच्या प्रवेशाचा प्रश्नही संसदेने सोडवला नाही; तो सोडवला न्यायालयाने. अधिनियमाच्या कलम ६ मध्ये शब्द आहेत 'कोणतीही व्यक्ती'. त्यात स्त्री आणि पुरुष दोन्ही येतात, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०१८ रोजी दिला. कायद्यात दुरुस्तीची गरज पडली नाही. कायदा सत्तर वर्षे जे म्हणत होता, ते कोणी तरी नीट वाचण्याची गरज होती.

पुढचा प्रश्न अग्निवीरांचा आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेनुसार भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त पाव हिस्सा चार वर्षांनंतर नियमित सेवेत राहतो. बाकीचे पंचविशीच्या आसपास समाजात परततात. प्रशिक्षित, शिस्तबद्ध आणि नोकरीच्या शोधात. कोणत्याही देशाच्या दृष्टीने हे आयते राखीव मनुष्यबळ होय. पण प्रादेशिक सेनेत जागा मोजक्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेळगाव आणि पिथोरागड इथल्या तिच्या भरतीला हजारो तरुण लोटले, तेव्हा गर्दी आवरणे कठीण झाले होते. या तरुणांना मागणी होती ती नोकरीची, आणि जिथे ते उभे होते ती रांग मात्र मुळात नोकरी असलेल्यांसाठी आखलेल्या सेनेची. या विसंगतीकडे कोणत्याच पक्षाला फारसे पाहावेसे वाटत नाही. सत्ताधाऱ्यांना त्यात बेरोजगारीची कबुली दिसते आणि विरोधकांना प्रादेशिक सेना हा मते देणारा विषय वाटत नाही.

लष्कराच्या मागण्यांत प्रादेशिक सेनेचा पगार मुख्य शीर्ष २०७६ खाली, लघुशीर्ष १०३ मध्ये, 'साहाय्यक दलांचे वेतन व भत्ते' या नावाने येतो. अर्थसंकल्पाच्या जाडजूड खंडात ती एक ओळ असते, आणि संरक्षणाच्या मागण्या बहुतेक वर्षी चर्चेविनाच मंजूर होत असल्याने त्या ओळीपर्यंत कोणी पोहोचत नाही. कलम ७-अ मधील दंडाचा आकडा बदलण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, विशेष बहुमत लागत नाही, निधीही लागत नाही. अर्ध्या पानाचे विधेयक पुरते. 'मालक' या शब्दात कंत्राटदार येतो की नाही, याचा खुलासा त्याच अर्ध्या पानात बसेल. जवानाने घरी वाट पाहण्यात घालवलेल्या वर्षांचे काय करायचे, याला मात्र पैसा लागेल आणि तिथे वित्त मंत्रालय आडवे येईल, हे उघड आहे.

चौदा बटालियनांच्या पाचारणाचा आदेश ९ फेब्रुवारी २०२८ रोजी संपतो. त्यानंतर पुन्हा निधी पाहिला जाईल, पुन्हा यादी होईल. आयटी पार्कपासून विमानतळाच्या रस्त्याने गेले, की वाटेत लष्करी वस्ती लागते. सोमवारी सकाळी त्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि लष्करी ट्रक एकाच रांगेत अडकून उभे असतात.